हिरवा गोल

स्लाइडचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगून टाकते. उगाच पुढे कोणी म्हणायला नको की बाई रागाच्या भरात बोलतेय. रागाच्या भरातच बोलतेय.

मी हॉस्पिटलच्या लाँड्रीची प्रमुख. तळघरात आमचा कारभार. वरच्या सहा मजल्यांवरच्या चादरी, अभ्रे, टॉवेल, ऑपरेशनचे कपडे, सगळं आमच्याकडे उतरतं आणि धुऊन, वाळून, इस्त्री होऊन परत वर जातं. चौदा बायका आणि पाच पुरुष. त्या चौदांतली एक माझी सख्खी धाकटी जाऊ. बावीस वर्षं एका घरात नांदतोय, सोळा वर्षं एका तळघरात राबतोय, आणि अजून एकमेकींच्या झिंज्या उपटल्या नाहीत, याचं आमच्या दोघींच्या नवऱ्यांना फार नवल वाटतं. लाँड्रीत तिला सगळे ‘धाकटी’ म्हणतात आणि माझ्या पाठीमागे मला ‘थोरली’. तोंडावर मॅडम.

धाकटी रोलरवर असते. रोलर म्हणजे वाफेने तापलेलं आडवं लोखंडी नळकांडं, चांगलं खाटेपेक्षा लांब. दोघी जणी ओल्या चादरीची दोन टोकं धरून त्याच्या तोंडाशी लावतात, तो ती ओढून घेतो आणि पलीकडून कडक इस्त्रीची चादर बाहेर येते. त्याच्या तोंडासमोर एक लांब पट्टी असते. हात चुकून पुढे गेला की मनगट त्या पट्टीला लागतं आणि रोलर जागच्या जागी थांबतो. म्हणजे थांबायला हवा. आमचा थांबत नव्हता.

मी रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी एक ओला टॉवेल आत सोडते, पट्टी दाबते आणि दाबल्यावरसुद्धा टॉवेल किती आत गेला ते बघते. ही पद्धत माझी मीच काढली. वर्षापूर्वी टॉवेल बोटभर जायचा. मग चार बोटं जायला लागला. गेल्या दोन महिन्यांत वीतभर. आता वीतभर म्हणजे काय हो? आख्खा हात की!

धाकटीला सवय अशी की चादरीला चुणी पडलेली तिला खपत नाही. अगदी रोलरच्या ओठाशी जाऊन ती बोटाने चुणी मोडायची. मी तिला दम भरला होता. "चुणी गेली तर जाऊ दे आत. पेशंट काय चुण्या मोजायला झोपलाय? पट्टीच्या पुढे बोट दिसलं तर गाठ माझ्याशी आहे."

"बरं ताई," म्हणायची. हसायची, पण ऐकायची. दोन महिने तिने एकदाही हात पुढे नेला नाही.

दुरुस्ती विभागाला मी तीनदा जाऊन सांगितलं. तिन्ही वेळा एकच उत्तर, मोठं काम आहे, बैठकीत मांडा.

आता ही बैठक. महिन्यातून एकदा, सहाव्या मजल्यावर, पडदे ओढून, दिवे घालवून. बावीस विभाग. प्रत्येकाला एक स्लाइड आणि तीन मिनिटं. स्लाइडवर एक फोटो, तीन ओळी, ओळीत जास्तीत जास्त सात शब्द. कोपऱ्यात एक गोल. हिरवा म्हणजे सगळं ठीक, पिवळा म्हणजे लक्ष असू द्या, लाल म्हणजे ताबडतोब हला. आणि खरी गंमत पुढेच आहे. बैठक झाली की त्याच बावीस स्लाइड्स छापायच्या, खाली सह्या घ्यायच्या, की झालं इतिवृत्त. तोंडाने कोण काय बोललं ते कोणी लिहीत नाही. पडद्यावर असेल ते घडलं, नसेल ते घडलंच नाही.

हे सगळं सांभाळायला एक तरुण अधिकारी आहे. त्याचं पद एवढं लांबलचक आहे की म्हणता म्हणता दम लागतो, म्हणून आम्ही त्याला पडदेसाहेब म्हणतो. गुरुवारी त्याचा फोन आला.

"मॅडम, तुमची स्लाइड आली नाही."

"येणार पण नाही. मी बोलणार आहे."

"बोला की. पण स्लाइड लागतेच. नवी नाही आली तर गेल्या महिन्याचीच लावतो आम्ही. नियम आहे."

"लावा."

"त्याच्यावर हिरवा गोल आहे, मॅडम. तेवढा तरी बदलू का?"

गेल्या महिन्याची माझी स्लाइड साबणाच्या नव्या पावडरीवर होती. दोन ओळी पावडरीच्या. तिसरी ओळ आमच्यात कोणी लिहीतच नाही, ती साच्यातच असते, ‘सर्व यंत्रणा सुस्थितीत’. बाविसांच्या बावीस स्लाइडवर तीच ओळ. कोणी खोडत नाही, कोणी वाचत नाही.

"अहो, तुमचा गोल तुमच्याकडेच ठेवा," मी म्हटलं. "पोरांना खेळायला द्या. वीतभर टॉवेल सात शब्दांत कसा मावणार? मी उभी राहीन आणि सांगीन. मला तोंड दिलंय देवाने."

तो चिडला नाही, त्याचाच मला जास्त राग आला. म्हणाला, "मॅडम, तुम्ही बोलता छान. पण तुम्ही उठून गेल्यावर तिथे काय राहतं?"

मी फोन आपटला. शुक्रवारी त्याने परत केला, मी उचललाच नाही.

सोमवारी बैठक. माझा नंबर सोळावा. त्याआधीच्या पंधरांचं काय वर्णन करू! पडद्याकडे तोंड, आपल्याकडे पाठ आणि पडद्यावर जे आहे तेच मोठ्याने वाचायचं. अहो, आम्हाला वाचता येतं! एकाने तर उगवत्या सूर्याचा फोटो लावला होता आणि खाली ‘गुणवत्ता हा एक प्रवास आहे’. विभाग कोणता, तर सांडपाणी. स्वयंपाकघराच्या प्रमुखाला डुलकी लागली होती, ती हिरवा गोल आला की मोडायची आणि परत लागायची.

माझं नाव आलं. मी पडद्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. पिशवीतून टॉवेल काढला, उजवा हात रोलर, डावा हात चादर, असं करून दाखवलं. "ही पट्टी दाबली. रोलर म्हणतो, थांबतो हां बाई, एवढा घास गिळतो आणि थांबतो." म्हणत म्हणत टॉवेल कोपरापर्यंत ओढून घेतला. मेट्रनबाई "अगं बाई गं!" करून ओरडल्या. स्वयंपाकघरवाला जागा झाला. मग मी रोलरची आणि आमच्या सासूबाईंची तुलना केली, दोघांनाही थांब म्हटलं तरी थोडं पुढे जाऊनच थांबायची सवय. सगळी खोली हसली. अधीक्षक स्वतः म्हणाले, "हे बघायलाच हवं." शेवटी टाळ्या पडल्या. सोळा स्लाइडमध्ये टाळ्या पडलेली मी एकटीच.

बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनंही विकत नाही, असं म्हणतात ना? मी जिन्याने खाली येताना तेच म्हणत होते. लिफ्टची वाट बघण्याएवढाही धीर नव्हता मला, इतकी खूश.

घरी गेल्यावर धाकटीला सगळं साग्रसंगीत करून दाखवलं. टॉवेलसकट. ती पोट धरून हसली. "सासूबाईंना का मध्ये ओढलंत?" म्हणाली. मी म्हटलं, "आठवड्याच्या आत पट्टी बसते की नाही बघ. माझा शब्द आहे."

बुधवारी दुपारी मी चादरींच्या कोठीत होते. परत आले तर रोलरच्या बाजूचं झाकण नुकतंच काढून बसवलेलं, चार स्क्रू चकचकीत. मेकॅनिक येऊन गेला होता. टेबलावर त्याचा कागद ठेवलेला. मी कागद टाचणीला लावला आणि धाकटीला म्हटलं, "बघ! मी काय म्हटलं होतं? झाली तुझी पट्टी."

"खरंच बोलता येतं हो तुम्हाला," ती म्हणाली.

कागद मी वाचला नाही. गुरुवारी सकाळी दोन वॉर्डांच्या जास्तीच्या चादरी आल्या होत्या, सगळ्यांची धावपळ. टॉवेल सोडून बघायचंही राहिलं. राहिलं कशाला म्हणू, मला वाटलं आता गरज काय? नवीन तर आहे.

सव्वानऊला ती ओरडली.

रोलरचा आवाज एवढा की एरवी दोन हातांवरचं बोलणं ऐकू येत नाही. पण ते ओरडणं मला कोठीपर्यंत ऐकू आलं. मी धावले तोवर बाजूच्या बाईने मुख्य बटण बंद केलं होतं. चुणी मोडायला गेली होती. डाव्या हाताची मधली दोन बोटं. भाजली आणि चेंगरली. हॉस्पिटलच्या पोटातच होतो म्हणून दहा मिनिटांत ती ऑपरेशनच्या टेबलावर होती. एका बोटाचं पेर गेलं. दुसरं राहिलं, पण ते वळेल की नाही ते डॉक्टर सांगेनात.

बाहेर बाकावर बसले असताना मला त्या कागदाची आठवण झाली. खाली जाऊन टाचणीचा काढला. ‘वाफेच्या दाबाचा काटा बदलला. वार्षिक तपासणी.’ बस, एवढंच. पट्टीला त्याने हातही लावला नव्हता. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

चौकशी चार दिवसांनी झाली. अधीक्षक, मेट्रनबाई, पडदेसाहेब आणि मी. मी तर तयारीत होते. आज एकेकाची हजेरी घेते म्हटलं. खुर्चीत बसायच्या आधीच सुरू झाले, "मी भर बैठकीत सांगितलं होतं, तरी तुम्ही—"

अधीक्षकांनी एक कागद माझ्यासमोर सरकवला. इतिवृत्ताचं सोळावं पान. साबणाच्या पावडरीचा फोटो, दोन ओळी, मग ‘सर्व यंत्रणा सुस्थितीत’, कोपऱ्यात हिरवा गोल. खाली माझी सही. छापून आलेल्या गठ्ठ्यावर मी दारातल्या दारात, कपड्यांच्या ढकलगाडीवर कागद ठेवून केलेली सही.

"मी बोलले होते!" मी म्हटलं. "तुम्ही स्वतः म्हणालात, बघायला हवं म्हणून!"

"म्हटलं असेन," ते म्हणाले. "बावीस विभाग असतात, बाई. नंतर मी कागदावरून कामं लावतो."

मी मेट्रनबाईंकडे वळले. "तुम्ही तर ओरडला होतात! सांगा ना यांना."

त्या बिचाऱ्या खोटं बोलणाऱ्यातल्या नाहीत. त्यांनी खरंच आठवून बघितलं. "तुम्ही टॉवेल आणला होता... सासूबाईंचं काहीतरी होतं. फार हसलो आम्ही. पण नेमकं काय बिघडलंय म्हणालात ते मात्र..."

एवढी नक्कल केली, एवढ्या टाळ्या घेतल्या, आणि लोकांच्या लक्षात काय राहिलं, तर माझी सासू! आणि मागे पडद्यावर ती तीन मिनिटं हिरवा गोल होता. मी पाठ करून उभी होते. पूर्ण खोली मला आणि त्या गोलाला एकदमच बघत होती.

संताप येतो हो. त्यांचा येतो. माणूस समोर उभा राहून सांगतोय ते इतिवृत्तात नाही आणि साच्यातली कोणी न लिहिलेली ओळ मात्र आहे, ही कुठली तऱ्हा? पण त्यांच्यावर ओरडायला तोंड उघडावं तर मला तो फोन आठवे. गोल तरी बदलू का, असं त्याने विचारलं होतं. दोनदा फोन केला होता. माझीच जीभ, माझेच दात, आता कोणाच्या नावाने बोंबलू?

जाता जाता अधीक्षकांनी अजून एक कागद दाखवला. अपघाताचं कारण. डावखुऱ्या धाकटीने उजव्या हाताने लिहिलेला जबाब. ‘माझं लक्ष नव्हतं.’ खाली अक्षर न अक्षर जुळवून केलेली सही.

घरी येऊन मी तिच्या खोलीत शिरले. ती उशीवर हात ठेवून बसली होती.

"लक्ष नव्हतं असं का लिहिलंस?" मी विचारलं. "तुझं लक्ष नसतं कधी? आता सगळा दोष तुझ्यावर येणार."

"मग काय लिहू?" ती म्हणाली. "थोरल्या जावेने सांगितलं पट्टी झाली, म्हणून हात घातला, असं लिहू? तुमची नोकरी आहे ती."

माझ्याकडे कशालाही उत्तर असतं. भांडणात मी कधी हरलेली नाही, शेजारीपाजारी साक्ष देतील. त्या दिवशी मी रडले. तिने मला गप्पही केलं नाही.

पुढच्या बैठकीच्या आधी मी स्वतः पडदेसाहेबांच्या खोलीत गेले. म्हटलं, "शिकवा." त्याने खुर्ची दिली. तासभर आम्ही भांडलो. तो लिहायला लागला, ‘सुरक्षापट्टीच्या प्रतिसादात तफावत’. मी म्हटलं, "हे कोणाला कळणार? चादरीच्या भाषेत लिहा." तो म्हणाला, "मग टॉवेलचा फोटो लावा. शेजारी मोजपट्टी ठेवून." हे मला सुचलं नव्हतं, कबूल करते. खाली जाऊन फोटो काढला. पट्टी दाबल्यानंतर आत गेलेला टॉवेल एकवीस सेंटीमीटर. त्याच मोजपट्टीशेजारी मी माझा हात ठेवला. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत सतरा.

पहिली ओळ, ‘पट्टी दाबल्यावर रोलर एकवीस सेंटीमीटर ओढतो.’ दुसरी, ‘बाईचा हात सतरा सेंटीमीटर असतो.’ गोल लाल. तो तिसऱ्या ओळीवर आला, ‘सर्व यंत्रणा सुस्थितीत’. खोडायला गेला तर मी म्हटलं, "थांबा. तिथे लिहा, ‘पट्टी झाली, हे प्रमुखांनी न तपासताच सांगितलं.’"

त्याने कीबोर्डवरून बोटं उचलली. "मॅडम, हे छापलं जातं. सही होते. फाइलला कायम राहतं. तोंडी सांगा हवं तर."

"तोंडी सांगितलेलं काय होतं ते बघितलंय मी. लिहा."

त्याने शब्द मोजले. सात भरले.

बैठकीत माझा नंबर आला. मी टॉवेल नेला नव्हता. स्लाइड लागली, मी उभी राहिले आणि बाजूला झाले, पडदा सगळ्यांना दिसावा म्हणून. अधीक्षक म्हणाले, "बोला." मी म्हटलं, "वाचा." कोणी हसलं नाही. मेट्रनबाईंनी स्वतःचा हात टेबलावर पसरून बघितला. चार मिनिटांत मंजुरी झाली, तोवर रोलर बंद ठेवायचा असंही ठरलं, आणि अपघाताच्या कारणातून धाकटीचं नाव निघालं. माझ्यावर काय कारवाई करायची ते नंतर कळवणार आहेत. कळवू देत.

पण ती चार मिनिटं माझ्या डोक्यातून जात नाहीत. एक फोटो, एकवीस शब्दांच्या आतलं काम. तासाभराचं. महिन्यापूर्वी केलं असतं तर! तो मेला सूर्य लावणारा सांडपाणीवाला आणि मी, आमच्यात फरक काय राहिला? त्याने पडद्यावर काहीच सांगितलं नाही आणि मी पडद्यावर काही ठेवलं नाही.

संध्याकाळी इतिवृत्ताची प्रत घेऊन घरी आले. धाकटीला वेणी घालायची होती. एका हाताने होत नाही, त्यामुळे हल्ली मीच घालते. ती पुढे बसली, मी मागे. कागद तिच्या मांडीवर ठेवला. तिने वाचला. तिसरी ओळ दोनदा वाचली असणार, कारण बोट तिथेच होतं.

"काय बोललात या वेळी?" तिने विचारलं.

"काही नाही."

तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. "तुम्ही? काहीच नाही?"

"स्लाइड लावली आणि बाजूला झाले."

तिने कागदाची घडी घातली, एका हाताने, सावकाश. मी फणी फिरवत राहिले. "पुढच्या बुधवारी नवी पट्टी बसतेय," मी म्हटलं. "तू कामावर येशील तोवर सगळं ठीक असेल. मी स्वतः तपासून तुला सांगीन."

"सांगू नका, ताई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "बसली की मला खाली घेऊन चला. मी बघेन."

एरवी मी म्हटलं असतं, अगं माझ्यावर विश्वास नाही का तुझा? जिभेवर आलंच होतं. मी केसांचे तीन पेड केले, ते हातातून सुटले, परत केले.

"बरं," म्हटलं.